चौसष्ट कोऱ्या चिठ्ठ्या

हे मी आजवर कोणापुढेच उघड केलेलं नाही. बायकोपुढे नाही, आईपुढे नाही, ज्या मित्राबरोबर दर रविवारी तर्री-पोहे खातो त्याच्यापुढेही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — निदान मी तसं धरून चाललोय. तरी लिहायला बसण्याआधी दोनदा विचार केला. न जाणो, तुमच्यापैकी कोणी आमच्या डिपार्टमेंटच्या जिन्यात उभं राहून चहा प्यालेलं निघालं तर? म्हणून नावं बदलली आहेत. जंगलाचं नाव तर सांगणारच नाही. बघा, कबूल करायला बसलोय आणि पहिल्याच परिच्छेदात दाराला कड्या लावून घेतोय. मी असाच आहे.

संशयी. आमच्या घरात हे काही गुपित नाही. आई तर पाहुण्यांसमोर सांगते, "याले प्रसादाचा शिराबी दुसऱ्यानं खाऊन पाह्यल्यावरच गोड लागते." वडील गांधीबागेत एका ठोक दुकानात कापड मोजायला होते. घरासाठी कापड आणलं की ते पुन्हा मोजायचे — स्वतःच्या हाताने मोजून आणलेलं! मी ते बघत मोठा झालो. पण याचं मी कारण करत नाही. माझा धाकटा भाऊ त्याच घरात वाढला, आणि तो कोणालाही गाडीची चावी देऊन मोकळा होतो.

माझी पीएच.डी. मुंग्यांवर आहे. दक्षिणेकडच्या सदाहरित जंगलातल्या, बारमाही ओल असलेल्या जमिनीवर, सडक्या पानांखाली राहणाऱ्या मुंग्या. नागपूरच्या माणसाने दीड दिवसाचा प्रवास करून मुंग्या आणायला जावं, याचं गल्लीत सगळ्यांना हसू यायचं. शेजारचे काका विचारायचे, "काहून गा, आपल्या साखरेच्या डब्यातल्या कमी पडल्या का?" मी हसायचो, पण आतून फुगायचो. कारण माझा प्रश्न मोठा होता. जिथे जंगल काढून मळे लावले, तिथल्या जमिनीतून कोणत्या मुंग्या निघून जातात? आणि जिथे कुऱ्हाड लागलीच नाही, तिथे कोणत्या उरतात? पालापाचोळा चाळायचा, कापडी पिशवीत टांगून ठेवायचा, ओल कमी होऊ लागली की मुंग्या खाली उतरतात आणि स्पिरिटच्या कुपीत पडतात. प्रत्येक कुपीत एक कागदाची चिठ्ठी टाकायची — कोणता प्लॉट, कोणती पिशवी, कोणती तारीख. ती चिठ्ठी गेली की कुपीतल्या मुंग्या नुसत्या मेलेल्या मुंग्या. त्यांचा अभ्यासाला काडीचा उपयोग नाही.

आमच्या लॅबमध्ये चांगला मायक्रोस्कोप एकच होता. आणि त्यावर काम करणारे दोघं — मी आणि प्रणाली.

प्रणाली नागपूरजवळच्या कुहीकडची. पहिली बस पकडून आठच्या आत लॅबमध्ये हजर. म्हणून सरांनी — आमच्या दोघांचे गाईड, त्यांना मी नुसतं सरच म्हणणार आहे — लॅबची एक चावी तिच्याकडे दिली होती, दुसरी माझ्याकडे. सकाळी आठ ते बारा मायक्रोस्कोप तिचा, बारापासून पुढे माझा. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखालच्या लॅबमध्ये बसून, कूलरच्या दमट हवेत, तांदळाच्या कणीहून बारीक मुंगीच्या मिशांचे पेरे मोजून बघा. मग कळेल, सकाळच्या त्या चार तासांवर माझा किती डोळा होता.

तिचा विषय होता धानाच्या शेतातल्या मुंग्या, कुहीच्या आसपासच्या. मी त्यांना "धुऱ्यावरच्या मुंग्या" म्हणायचो, तिच्यासमोरच. शेताचा बांध म्हणजे आमच्याकडे धुरा. ती हसायची. सरांनी दोन्ही विषय मुद्दाम जोडून दिले होते — जंगल एका टोकाला, शेत दुसऱ्या टोकाला. पण माझ्या मनात ते कधीच जोडलेले नव्हते. माझं जंगल वरचं, तिचा धुरा खालचा.

आणि ती विचारायची फार. तिथं जळवा किती लागतात, पिशव्या किती वेळ टांगून ठेवता, चाळणीची जाळी केवढी. एखाद्याला वाटेल, शिकायची हौस आहे. मला काय वाटलं? हिला माझं जंगल हवंय. एकदा तर मी तिला जाळीचं माप मुद्दाम चुकीचं सांगितलं. तिने वहीत उतरून घेतलं, "थँक्यू भाऊ" म्हणाली. ती डब्यात लाखोळीच्या डाळीचे वडे आणायची आणि अर्धे माझ्यासाठी झाकून ठेवायची. मी ते खायचो, आणि खाता खाता विचार करायचो — ही मला वडे का देतेय?

माझ्या कपाटाच्या कडीत मी घरी जाताना एक पांढरा दोरा अडकवून जायचो. हसू नका. दोरा जागेवर असेल तर कपाट कोणी उघडलं नाही. एका दुपारी आलो तर तो खाली फरशीवर पडलेला दिसला. झाडणाऱ्या बाईंचा हात लागला असेल, कूलरच्या वाऱ्याने पडला असेल — पण थंडीचे दिवस होते, कूलर बंद होता. झालं. शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग फेब्रुवारी आला. पहिल्या दोन प्लॉटच्या मुंग्या ओळखून झाल्या होत्या. तिसरा प्लॉट उघडायचा होता, आणि माझा सगळा प्रबंध त्या तिसऱ्या प्लॉटवर उभा होता. कुऱ्हाड न लागलेलं जंगल ते. आधीच्या ऑक्टोबरात आणलेल्या चौसष्ट कुप्या. मी पहिली कुपी उजेडात धरली. आतली चिठ्ठी कोरी होती.

दुसरी कोरी. तिसरी कोरी. मी टेबलावर ओळीने मांडत गेलो. चौसष्टच्या चौसष्ट. मुंग्या जागच्या जागी, चिठ्ठ्या माझ्याच मापाच्या कापलेल्या, आणि त्यांच्यावर एक अक्षर नाही.

तुम्ही असता तर तुमच्या मनात पहिल्यांदा काय आलं असतं? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. माझ्या मनात स्वतःचा विचार एका क्षणासाठीही आला नाही. कोणीतरी चिठ्ठ्या बदलल्या. आणि कोणीतरी म्हणजे कोण, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. चिठ्ठ्या कापायचं माप मीच तिला दाखवलं होतं. रोज चार तास ती एकटी. दोऱ्याचं तर तुम्हाला सांगितलंच. कुप्यांमधलं स्पिरिट किंचित निळसर दिसत होतं, तेही मी पाहिलं — आणि मनाशी म्हटलं, बघा, चिठ्ठ्या बदलताना सांडलं असणार, म्हणून हिने दुसऱ्या कॅनमधलं स्पिरिट भरलंय! प्रत्येक गोष्ट तिच्याच विरुद्ध जाऊन बसत होती. मीच बसवत होतो, पण तेव्हा तसं वाटत नव्हतं.

सरांकडे गेलो. आता हे नीट ऐका, कारण माझ्या भित्रेपणाची सुरुवात इथे आहे. मी तिचं नाव घेतलं नाही. म्हणालो, "सर, मी कोणावर आळ घेत नाही. चाव्या फक्त दोघांकडे आहेत, एवढंच सांगतो." किती सभ्य! नाव सरांनी स्वतःच घ्यावं अशी सगळी सोय करून दिली आणि हात वर केले.

सरांनी तिला बोलावलं. मी तिथेच भिंतीशी उभा होतो. सकाळी लॅब सोडून कधी कुठे गेली होतीस का, असं त्यांनी विचारलं. ती पटकन "नाही सर" म्हणाली. फार पटकन, खाली मान घालून. ते मी टिपून ठेवलं. मग तिने विचारलं, त्या चिठ्ठ्या मी एकदा पाहू का? आणि मी मधेच बोललो — "सर, पुरावा आहे तो. कोणाला हात लावू देऊ नका." सरांनी कुप्यांची पेटी त्यांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. तिने त्या चिठ्ठ्या कधीच पाहिल्या नाहीत. पाहिल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

कोणी आरडाओरडा केला नाही. सर शांत माणूस. त्यांनी फक्त तिच्याकडची चावी मागून घेतली आणि म्हणाले, काही दिवस तू बाजूच्या खोलीत बस. बाजूच्या खोलीत मायक्रोस्कोप नव्हता. मुंग्यांवर काम करणाऱ्याला मायक्रोस्कोपशिवाय बसवणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. डिपार्टमेंटमध्ये कुजबुज झाली आणि दोन दिवसांत थांबलीही. सगळ्यांना पटलं होतं. माझ्यावर कोणाला शंका आली नाही, तिच्यावर सगळ्यांना आली, इतक्या सहज. यात तिच्या गावाचा, तिच्या आडनावाचा, एसटीच्या पासचा किती वाटा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी ते चालू दिलं.

ती मला जिन्यात गाठून एकदाच बोलली. "भाऊ, तुमाले खरंच वाटून राह्यलं का, मी केलं म्हून?"

मी म्हटलं, "मी कुठं काय म्हटलं?"

आणि खाली उतरून गेलो.

इथपर्यंतचं तुम्ही कदाचित समजून घ्याल. माणूस चुकतो, संशय घेतो, घाबरतो. मीही इथपर्यंतचं मनातल्या मनात अनेकदा कोणाकोणाला सांगितलंय. पुढचं नाही.

मार्च संपत आला होता. सरांनी पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, बघ, यातून काही वाचतं का. आता सकाळही माझीच होती. हवेत अजून थोडा गारवा, खिडकीतून तिरपं ऊन, मायक्रोस्कोपवर माझ्याशिवाय कोणी नाही. सहज — अगदी सहज — एक कोरी चिठ्ठी काचेवर ठेवली आणि दिव्याचा उजेड बाजूने सोडला.

कागदावर खड्डे दिसले. बारीक, लांबट, ओळीने. नांगरटीनंतर शेत दिसतं तसे. कोणीतरी त्या कागदावर दाबून लिहिलं होतं आणि फक्त शाई निघून गेली होती. मी दिवा आणखी तिरपा केला. प्लॉट तीन. पिशवी सात. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ होती. तशी रेघ आमच्या लॅबमध्ये एकच माणूस देतो.

मी आणखी दोन चिठ्ठ्या काचेवर ठेवून पाहिल्या, अक्षर तेच. मग सगळं आठवलं. विसरलेलं आठवलं असं म्हणू, की बाजूला सारलेलं? जंगलातला शेवटचा दिवस. पाऊस थांबत नव्हता. ओलाव्याने पेन्सिलीचं टोक तुटत होतं, टोकयंत्र चिखलात कुठे पडलं ते सापडेना. खाली जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी शर्टच्या खिशातला बॉलपेन काढला आणि चौसष्ट चिठ्ठ्या लिहून टाकल्या. म्हटलं, मुक्कामावर पोचून पेन्सिलने पुन्हा लिहू. मुक्कामावर पोचलो तो तापाने फणफणून. आणि मग नागपूर.

स्पिरिटमध्ये बॉलपेनची शाई विरघळते. हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतात. म्हणूनच तर चिठ्ठी पेन्सिलने लिहायची. कुपीतलं स्पिरिट निळसर का दिसत होतं, हे शाळकरी पोरानेसुद्धा सांगितलं असतं. मी घरी जाऊन त्या दिवसाची वही काढली. शेवटची तीन पानं निळ्या बॉलपेनने लिहिलेली. माझीच.

प्रणालीचा सहामाही अहवाल जायला त्या दिवशी आठ दिवस बाकी होते. त्यावर सरांची सही आणि एक शब्द. समाधानकारक, नाहीतर असमाधानकारक. दुसरा शब्द पडला तर तिची शिष्यवृत्ती आणि नोंदणी, दोन्हींवर गदा येणार हे सगळ्यांना माहीत होतं. मला फक्त बाजूच्या खोलीपर्यंत चालत जायचं होतं. वीस पावलं असतील. किंवा सरांच्या दारात उभं राहून एक वाक्य म्हणायचं होतं — सर, चूक माझी आहे. किती जड होतं ते वाक्य? आजही तोंडात घोळवून बघतो, काही जड नाही.

त्या आठ दिवसांत मी काय केलं? रोज सकाळी आठला येऊन दार आतून लावून घेतलं. एकेक चिठ्ठी तिरप्या उजेडात धरून वाचली. हो, वाचता येत होतं! प्रत्येक प्लॉट, प्रत्येक पिशवी, प्रत्येक तारीख. नवे कागद कापून, टोकदार पेन्सिलीने, सगळं पुन्हा लिहून काढलं. सहाव्या दिवशी चौसष्ट पूर्ण झाल्या. माझा प्रबंध वाचला. तो ज्या कागदांनी वाचवला, त्याच कागदांनी तीही वाचली असती, हे मला कळत नव्हतं असं समजू नका. कळत होतं. प्रत्येक चिठ्ठी उचलताना कळत होतं.

मग मी स्पिरिटचा दिवा पेटवला आणि जुन्या चिठ्ठ्या चिमट्याने एकेक करून जाळल्या. ओल्या होत्या, पण स्पिरिटनेच ओल्या, त्यामुळे भुरकन पेटायच्या. दुपारचे बारा वाजले होते. बाहेर कोणीतरी मोठ्याने हसत होतं, तर मला वाटलं, मलाच हसताहेत.

सरांना सांगितलं, वहीतल्या नोंदी आणि मुंग्यांच्या जाती ताडून बघून कुप्यांचा पत्ता लावला. सरांनी सगळ्यांना बोलावून चहा पाजला. "याला म्हणतात चिकाटी," असं म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. प्रणाली दाराजवळ उभी होती. तिच्या हातातही चहाचा कप होता.

सातव्या दिवशी पाण्याच्या माठाशी ती म्हणाली, "बरं झालं भाऊ, तुमचं काम वाचलं." आणि माझ्या मनात काय आलं सांगू? सगळं माहीत असूनही काय आलं? ही का खूश होतेय?

आठव्या दिवशी अहवाल गेला. असमाधानकारक. ती मेच्या सुरुवातीला लॅब सोडून गेली. चाळणी, चिमटे, सरकारी वह्या, सगळं नीट पुसून टेबलावर ठेवून गेली. चाळणी मी हातात घेऊन पाहिली, जाळीचं माप मी सांगितलेलंच होतं — चुकीचं. म्हणजे दोन वर्षं तिच्या चाळणीतून बारीक मुंग्या निसटत राहिल्या असणार. तेही माझंच काम. मी चाळणी कपाटात मागे सरकवली.

त्यानंतर झोप उडाली, अन्न गोड लागेना, असलं काही मी सांगणार नाही. झोप छान लागायची. बदल झाला तो एवढाच, की आता मला सगळ्यांचा संशय येऊ लागला — यांना कळलं असेल का? सर माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले, तर कळलं असेल. झाडणाऱ्या बाईंनी जळक्या कागदाच्या वासाबद्दल विचारलं, तर त्या कोणाला सांगतील? तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक पानं उलटत म्हणाले, "तिसऱ्या प्लॉटच्या नोंदी फार स्वच्छ आहेत हो." मी घाईने पुढचा तक्ता दाखवायला लागलो. ते कौतुक करत होते. पदवी मिळाली, कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं. सर निवृत्त झाले. कोणालाच काही कळलं नव्हतं. तरी मी ओळखीच्या माणसांच्या चेहऱ्यावर ते शोधत राहिलो.

गेल्या डिसेंबरात आमच्या कॉलेजच्या मुलांना शहराबाहेर मिहानच्या औद्योगिक वसाहतीत एक कंपनी दाखवायला नेलं. परदेशात जाणारा तांदूळ तिथे पॅक होतो. गेटवर सगळ्यांना पांढऱ्या टोप्या दिल्या. प्रयोगशाळेचं दार उघडलं, आणि समोर टोपी घालून, हातात चिमटा घेऊन — प्रणाली. तांदळाच्या नमुन्यातले सोंडे, अळ्या, पंखांचे तुकडे शोधणं हे तिचं काम. तिच्या हाताखाली चार मुली होत्या. टेबलावर मायक्रोस्कोप होता, आमच्या जुन्यापेक्षा पुष्कळ चांगला.

मी वळून बाहेर पडायच्या बेतात होतो. तिने आधी पाहिलं. "अरे भाऊ!" म्हणून अशी हसली की माझी मुलं बघायला लागली. मग तिने त्यांना सांगितलं, तुमचे सर म्हणजे जंगलातल्या मुंग्यांचे मोठे अभ्यासक, त्यांच्याकडून शिकून घ्या. मला वाटलं, टोमणा मारतेय. मी तिचा चेहरा नीट न्याहाळला. टोमणा नव्हता.

मुलं पुढच्या विभागात गेली तेव्हा तिने मला चहाला थांबवलं. आता बोलणार, असं मला वाटलं. हिला कळलंय. कोणीतरी सांगितलंय. मी मनात उत्तरं जुळवायला लागलो — वय लहान होतं, दबाव होता, सरांनीच घाई केली. तिने कप खाली ठेवला.

"भाऊ, एक गोष्ट तुमाले सांगाची राहून गेली. लय दिवसापासून मनात हाय." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "त्या थंडीत एक दिवस सकाळी घरून फोन आला, बाबा धुऱ्यावरून पडले म्हून. लॅबमध्ये रेंज धड नव्हती, आवाज तुटत होता. मी तशीच खाली पळाली, दार उघडंच ठेवलं. पंधरा-वीस मिनिटं. सरांनी विचारलं तवा मी खोटं बोलली. भेव वाटलं, भरोशानं चावी दिली होती न त्यांनी. तेवढ्यातच कोणी घुसलं असन अन् तुमच्या चिठ्ठ्या बदलल्या असन. मी नाही केलं ते, पण झालं माह्याच चुकीनं. तुमचं सारं काम डुबलं असतं. मले माफ करा भाऊ."

म्हणजे इतकी वर्षं ती हे घेऊन फिरत होती. तिचं करिअर मी मोडलं, आणि माझं काम आपल्यामुळे बुडत होतं म्हणून ती झुरत होती. शिक्षा झाली ती बरोबरच झाली, असंही तिला कुठेतरी वाटत असणार — दार उघडं ठेवलं होतं ना!

मी तोंड उघडलं. खरं सांगण्यासाठीच उघडलं होतं का? माहीत नाही. मला स्वतःवरही भरवसा नाही. समोर फक्त ती होती, कोणी ऐकणारं नव्हतं, माझी नोकरी जाणार नव्हती, पदवी कोणी काढून घेणार नव्हतं. त्या आठ दिवसांत होती तशी एकही भीती आता नव्हती.

"जाऊ दे वं प्रणाली," मी म्हणालो. "होते माणसाच्या हातून. मी केव्हाच माफ केलं तुले."

तिने टोपी काढली आणि त्याच टोपीने डोळे पुसले. "लय हलकं वाटलं भाऊ," म्हणाली.

"मलेबी," मी म्हटलं.

आणि ते खोटं नव्हतं. मला खरंच हलकं वाटलं होतं. माफी तिने मागितली, मी दिली. मी तिची मागितलेली नाही, तुमच्याकडेही मागत नाही.

परतताना बसमध्ये मुलं गाणी म्हणत होती. मी खिडकीशी बसून त्या उघड्या दाराचा विचार करत होतो. पंधरा-वीस मिनिटं म्हणजे बराच वेळ झाला. त्या सकाळी कोण कोण आत जाऊ शकलं असतं? ज्या चिठ्ठ्या मी माझ्या हाताने लिहिल्या, माझ्या हाताने जाळल्या, त्या कोणी बदलल्या असतील हे मी शोधत होतो. वर्धा रोडला लागेपर्यंत माझी चार नावं काढून झाली होती.